काट्यावरची गाडी अडू नये म्हणून: पोस्टग्रेसवर पब्लिश-सब्स्क्राइब क्यू कशी बांधावी

केळीची गाडी काट्यावर चढते, मुनीम वजन टाकून 'सेव्ह' दाबतो आणि स्क्रीनवर चक्र फिरत राहतं. मागे प्रोग्राम पाच कामं करत असतो. वजन डेटाबेसमध्ये लिहायचं, पावतीची पीडीएफ बनवायची, शेतकऱ्याला एसएमएस करायचा, खात्यात रक्कम जमा धरायची आणि व्यापाऱ्याच्या साठ्यात भर टाकायची. एसएमएसवाल्याचा सर्व्हर तीस सेकंद उत्तर देत नाही. मुनीम वैतागून पुन्हा बटण दाबतो. आता वजन दोनदा, रक्कम दोनदा, आणि संध्याकाळी फोन: "भो, एकाच गाडीचे दोन मेसेज कसे आले?"

या पाचांपैकी मुनिमाला थांबवून ठेवण्यासारखं काम एकच आहे: वजन लिहिणं. बाकीची चार मागून झाली तरी चालतात, पण झालीच पाहिजेत. त्यासाठी 'वजन नोंदवलं' ही घटना एकदाच जाहीर करायची, आणि ज्याला त्या घटनेशी देणंघेणं आहे त्या प्रत्येक सब्स्क्राइबरने आपापलं काम आपापल्या वेगाने उरकायचं. हे कसं बांधायचं ते रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा या पट्ट्यातल्या केळी खरेदी केंद्राचं उदाहरण धरून पुढे पाहू. नंदुरबारची मिरची किंवा धुळ्याचा कापूस धरला तरी आराखडा बदलत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावरून घेतले आहेत. निरोप पोहोचवणं हा क्यूचा, म्हणजे मागून करायच्या कामांच्या रांगेचा, सोपा भाग आहे. काम अर्धवट राहिलं हे लक्षात कोण ठेवणार, हा अवघड भाग. रावेर तालुक्यात दुपारी लाइट जाते, रस्त्याच्या खोदकामात नेटची केबल तुटते, यूपीएसची बॅटरी दगा देते. या सगळ्यातून जो तग धरतो त्याच्याकडेच ती आठवण सोपवावी, आणि तो बहुतेक ठिकाणी आधीपासून बसवलेला असतो: पोस्टग्रेस हा डेटाबेस.

रॅबिटएमक्यू किंवा काफका असा तयार ब्रोकर, म्हणजे निरोप वाटणारा वेगळा सर्व्हर, का नको? हिशोब करा. दिवसाला हजार गाड्या धरल्या आणि प्रत्येकीमागे चार कामं, तर चार हजार कामं होतात. दहा तासांत वाटली की नऊ सेकंदांना एक काम. एवढ्यासाठी वेगळा ब्रोकर बसवायचा, त्याचा बॅकअप घ्यायचा, तो रात्री बंद पडला की उठायचं, हे मला पटत नाही.

घटनेचं नाव आणि मजकूर

घटना म्हणजे घडून गेलेली गोष्ट, म्हणून नाव भूतकाळी ठेवा: 'वजन_नोंदवलं', 'वजन_दुरुस्त_केलं', 'पावती_रद्द_झाली'. 'एसएमएस_पाठवा' असं नाव सुचलं तर थांबा, तो हुकूम झाला. मग काट्याच्या प्रोग्रामला एसएमएस नावाचं काही आहे हे माहीत असावं लागतं, आणि उद्या व्हॉट्सअॅप जोडायचं ठरलं की काट्याचा कोड उघडावा लागतो.

मजकुरात काय ठेवायचं? जे त्या क्षणाचं सत्य आहे आणि नंतर बदलू शकतं, ते घटनेतच लिहा: वजन, त्या दिवशीचा भाव, प्रत (नवती की पिलबाग), पावती क्रमांक. केळीचा भाव उद्या बदलणार आहे. सब्स्क्राइबरने दोन तासांनी भावपत्रकात जाऊन भाव शोधला तर चुकीचा सापडेल. उलट मोबाइल नंबर घटनेत घालू नका, फक्त शेतकरी क्रमांक द्या. नंबर पाठवताना ताजा काढता येतो, आणि वैयक्तिक माहिती वर्षानुवर्षं घटनांच्या टेबलात पडून राहत नाही. वजन पूर्णांकात ठेवा, रक्कम पैशांत, वेळ टाइमझोनसकट. मजकुराच्या रचनेला आवृत्ती क्रमांक आत्ताच द्या. पुढच्या हंगामात रकाने वाढतातच.

टेबलं तीन

'घटना' या टेबलात क्रमांक, प्रकार, पावती क्रमांक, जेसनबी (पोस्टग्रेसचा जेसन साठवायचा प्रकार) मजकूर आणि वेळ. 'वर्गणी' टेबलात कोणत्या प्रकारच्या घटना कोणत्या सब्स्क्राइबरला हव्यात एवढंच. तिसरं टेबल 'कामं', आणि खरी क्यू हीच: घटना क्रमांक, सब्स्क्राइबर, पावती क्रमांक, स्थिती (बाकी, चालू, झालं, किंवा वापसी म्हणजे न जमल्यामुळे बाजूला काढलेलं), प्रयत्न, पुढची वेळ, चिठ्ठी (काम सध्या कोणाकडे आहे त्याची खूण) आणि शेवटची चूक. घटना क्रमांक व सब्स्क्राइबर या जोडीवर युनिक बंधन घाला. इंडेक्स सब्स्क्राइबर व पुढची वेळ यांच्यावर, तोही अर्धाच, म्हणजे फक्त बाकी आणि चालू ओळींपुरता. झालेली कामं लाखांत गेली तरी तो इंडेक्स लहानच राहतो.

(जाता जाता: पोस्टग्रेसमध्ये टेबल-रकान्यांची नावं खरोखर देवनागरीत ठेवता येतात. मर्यादा ६३ बाइटची आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं. काना-मात्रा धरून २१ चिन्हांच्या पुढे नाव कापलं जातं. मी रोमनच ठेवतो, इथे वाचायला सोपं म्हणून मराठी लिहिलंय.)

प्रत्येक सब्स्क्राइबरसाठी वेगळी ओळ लिहिण्याऐवजी 'मी कितव्या घटनेपर्यंत वाचलं' एवढा एकच आकडा ठेवायचा मोह होतो. जागा वाचते, कोडही छोटा होतो. पण त्यात एक खड्डा आहे. पोस्टग्रेस आपोआप वाढणारा क्रमांक देतो तो ओळ टाकताना, कमिट होताना (व्यवहार पक्का होताना) नाही. एका व्यवहाराला १०१ मिळाला आणि तो रेंगाळला, दुसऱ्याला १०२ मिळाला आणि तो आधी कमिट झाला, असं सहज होतं. वाचणाऱ्याला १०२ दिसतो, तो '१०२ पर्यंत झालं' असं लिहून ठेवतो. क्षणभराने १०१ कमिट होतो आणि त्याच्याकडे पुन्हा कोणी बघत नाही. चाचणीत हे दिसणार नाही. हंगामात चार काटे एकदम चालू झाले की महिन्यातून एखादा एसएमएस गायब होईल आणि कारण सापडणार नाही. प्रत्येक कामाची ओळ वेगळी असली की हा प्रश्नच उरत नाही.

जाहीर करणं: सगळं एकाच व्यवहारात

वजनाची ओळ, घटनेची ओळ आणि कामांच्या ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा. कामांच्या ओळींसाठी 'वर्गणी' टेबलातून सिलेक्ट करून थेट इन्सर्ट करणारी एकच क्वेरी पुरते.

समजा वजन पोस्टग्रेसमध्ये आणि घटना रेडिस या मेमरीत चालणाऱ्या वेगळ्या डेटाबेसमध्ये अशी दोन ठिकाणी लिहिली. कमिट झालं आणि रेडिसकडे जायच्या आत लाइट गेली, तर वजन आहे पण घटना नाही. क्रम उलटा केला, तर एसएमएस गेला आणि वजनाचा व्यवहार रद्द झाला, असं होऊ शकतं. शेतकऱ्याच्या हातात नसलेल्या वजनाचा मेसेज! पोस्टग्रेस आणि रेडिस अशा दोन वेगळ्या घरांत एकाच दमात लिहिण्याची खात्रीशीर सोय नाही. मूळ नोंद आणि घटना एकाच व्यवहारात लिहिण्याच्या वरच्या पद्धतीला आउटबॉक्स म्हणतात. पुढे मोठा ब्रोकर आणला तरी हे टेबल राहतंच, फक्त त्यातून ब्रोकरकडे ढकलणारा एक वर्कर (मागे कामं उरकत राहणारा प्रोग्राम) वाढतो.

मुनिमाच्या दुहेरी बटणाचा बंदोबस्त मात्र क्यूच्या अलीकडे करायचा. फॉर्म उघडताच एक यूयूआयडी (पुन्हा कधी न येणारा ओळख क्रमांक) तयार करा, सेव्ह करताना सोबत पाठवा आणि वजनाच्या टेबलात त्यावर युनिक बंधन ठेवा. दुसऱ्यांदा तोच आला तर नवी ओळ न टाकता आधीचीच पावती दाखवा.

काम उचलणं

चार वर्कर एकाच टेबलावर बसले की दोघांनी एकच काम उचलायला नको, आणि एकाने कुलूप लावलेल्या ओळीपाशी दुसरा ताटकळायलाही नको. 'स्किप लॉक्ड' ही सोय पोस्टग्रेसच्या ९.५ आवृत्तीत, जानेवारी २०१६ मध्ये आली. दुसऱ्याने धरलेली ओळ दिसली की ती सोडून पुढची घ्यायची. क्वेरीचा सांगाडा असा:

विथ निवड अॅज (
  सिलेक्ट क्रमांक फ्रॉम कामं
  व्हेअर सब्स्क्राइबर = 'एसएमएस'
    अँड स्थिती इन ('बाकी', 'चालू')
    अँड पुढची_वेळ <= आत्ता
  ऑर्डर बाय पुढची_वेळ
  लिमिट १०
  फॉर अपडेट स्किप लॉक्ड )
अपडेट कामं
  सेट स्थिती = 'चालू', चिठ्ठी = नवा यूयूआयडी,
      प्रयत्न = प्रयत्न + १, पुढची_वेळ = आत्ता + २ मिनिटं
  फ्रॉम निवड व्हेअर कामं.क्रमांक = निवड.क्रमांक
  रिटर्निंग सगळे रकाने

ही क्वेरी चालली की लगेच कमिट करा आणि मगच एसएमएस पाठवायला लागा. काम संपेपर्यंत ट्रान्झॅक्शन उघडं ठेवलं तरी कुलूप राहतं, पण मग कनेक्शन अडकतं, आणि लांबलेलं ट्रान्झॅक्शन व्हॅक्यूमला (पोस्टग्रेसच्या झाडलोटीला) जुन्या ओळी साफ करू देत नाही.

पुढची वेळ दोन मिनिटं पुढे ढकलली आहे, तीच कामाची मुदत. वर्कर मध्येच मेला तर दोन मिनिटांनी ते काम आपोआप दुसऱ्याला दिसेल. 'अडकलेली कामं सोडवणारा' असा वेगळा प्रोग्राम लिहावा लागत नाही. मुदत मात्र हिशोबाने ठरवा. एसएमएसच्या विनंतीला जास्तीत जास्त १० सेकंद दिले आणि दहा कामं एकापाठोपाठ केली तर सगळ्यात वाईट दिवशी १०० सेकंद लागतील, म्हणून १२० ठेवले. पीडीएफला जास्त वेळ लागत असेल तर एका वेळी कमी कामं उचला.

चिठ्ठी कशाला? वर्कर मेला नसून नुसता रेंगाळलेला असू शकतो. त्याची मुदत संपली, काम दुसऱ्याने उचललं, आणि मग पहिला जागा होऊन 'झालं' लिहायला आला, तर? म्हणून काम संपवताना क्रमांकाबरोबर चिठ्ठीही जुळली पाहिजे अशी अट घाला. बदललेल्या ओळी शून्य आल्या तर काम आता दुसऱ्याचं आहे, आपण गप्प बसायचं. 'प्रयत्न' उचलतानाच वाढवलाय त्यालाही कारण आहे. एखाद्या कामामुळे वर्करच कोसळत असेल, तर शेवटी मोजायला तो जिवंत नसतो.

जागं करणं

दर दोन सेकंदांनी टेबलाकडे बघणं पुरेसं आहे, आणि या भाराला पोस्टग्रेस लक्षातही घेत नाही. त्याहून झटपट हवं असेल तर जाहीर करताना 'नोटिफाय' (पोस्टग्रेसची हाक मारायची आज्ञा) द्या आणि वर्करमध्ये ती ऐकणारी 'लिसन' ठेवा. नोटिफाय कमिट झाल्यावरच पोहोचतो, त्यामुळे रद्द झालेल्या व्यवहाराची हाक कोणाला ऐकू जात नाही. पण ऐकणारा त्या क्षणी जोडलेला नसेल तर हाक हवेत विरते. रेडिसच्या साध्या पब्लिश-सब्स्क्राइबचंही तसंच आहे, आणि कामांची क्यू म्हणून ते वापरू नका असं मी दर वेळी सांगतो ते त्याचमुळे. हाक ही फक्त हाक, काम टेबलात. म्हणून नोटिफाय लावला तरी अधूनमधून बघणं काढू नका. पीजीबाउन्सर (पोस्टग्रेसची कनेक्शनं वाटून देणारा मध्यस्थ) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल तर लिसन चालत नाही, त्यासाठी थेट कनेक्शन द्या.

दोनदा झालं तरी एकदाच झाल्यासारखं

एसएमएस गेला, आणि 'झालं' लिहायच्या आत लाइट गेली. काम पुन्हा उचललं जाईल आणि एसएमएस पुन्हा जाईल. ही क्यू 'किमान एकदा' एवढीच हमी देते. बाहेरच्या सर्व्हरशी बोलताना 'नेमकं एकदाच' पोहोचवण्याची हमी कोणतीही क्यू देऊ शकत नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. दुहेरीपणा सब्स्क्राइबरनेच पचवायचा असतो, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा.

खात्याचं काम सर्वांत सोपं, कारण खातंही याच डेटाबेसमध्ये आहे. जमेच्या ओळीत घटना क्रमांक लिहा, त्यावर युनिक बंधन घाला, 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' (ओळ आधीच असेल तर काही करू नको) लावा आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये कामाला 'झालं' करा. इथे मात्र खरोखर एकदाच होतं. पीडीएफच्या फाइलचं नाव पावती क्रमांक आणि आवृत्ती यांवरून ठेवा, दुसऱ्यांदा बनली तर तीच फाइल पुन्हा लिहिली जाईल. साठ्याच्या बाबतीत 'साठा अधिक वजन' असा अपडेट करू नका. साठ्याची आवक ओळींनी नोंदवा आणि बेरीज काढा.

एसएमएस क्वचित दोनदा गेला तर चालवून घ्या. बँकेतून पैसे सोडण्याचं काम असेल तर नाही. तिथे प्रत्येक प्रयत्नाला तोच संदर्भ क्रमांक पाठवा, आणि उत्तर न येता वेळ संपली असेल तर आधी त्या क्रमांकाची स्थिती विचारा, मगच पुन्हा प्रयत्न करा.

पुन्हा प्रयत्न कधी, आणि कधी नाही

चुका दोन जातीच्या. वेळ संपली, ५०३ (सर्व्हर सध्या बंद) आला, ४२९ (फार विनंत्या झाल्या) आला, नेटच नाही: या थांबून पुन्हा करण्याजोग्या. नंबर नऊ आकडी आहे, डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या सक्तीच्या नोंदणीत) नोंदवलेल्या टेम्प्लेटशी मजकूर जुळत नाही: या शंभरदा पाठवल्या तरी तशाच परत येणार. दुसऱ्या जातीची चूक आली की लगेच 'वापसी'त टाका. (मराठी एसएमएस युनिकोडमध्ये जातो, त्यामुळे एका भागात ७० चिन्हंच मावतात, रोमनमध्ये १६० मावतात. लांब नावाच्या शेतकऱ्याचा मेसेज दोन भागांत जाऊन बिल वाढतं. टेम्प्लेट नोंदवतानाच मोजून घ्या.)

पहिल्या जातीसाठी थांबण्याची वेळ दुप्पट करत जा: ३० सेकंद, १ मिनिट, २, ४, ८, १६, ३२ मिनिटं, मग दर तासाला. बऱ्याच ठिकाणी 'आठ प्रयत्नांनंतर सोडा' असा नियम असतो. वरची बेरीज करून बघा, आठवा प्रयत्न तासाभरातच होऊन जातो. आपल्याकडे केबल तुटली तर अर्धा दिवस जातो. म्हणून प्रयत्न मोजण्यापेक्षा कामाचं वय मोजा: एसएमएससाठी २४ तास, खात्यासाठी कितीही. वर्कर कोसळवणाऱ्या कामांसाठी प्रयत्नांची एक सैल मर्यादा, समजा ४०, ठेवा.

थांबण्याच्या वेळेत थोडा यादृच्छिक फरक मिसळा. नाहीतर नेट आल्याबरोबर दिवसभराचे सगळे मेसेज एकाच सेकंदाला दारात उभे राहतात आणि एसएमएसवाला ४२९ देऊन सगळ्यांना परत पाठवतो.

'वापसी' हे नाव मुद्दाम. हलक्या प्रतीच्या केळीसाठी बाजारात हाच शब्द आहे, त्यामुळे मुनिमाला समजावत बसावं लागत नाही. या खान्याची यादी त्याच्या स्क्रीनवर हवी, साध्या मराठीत कारणासकट: 'मोबाइल नंबर चुकीचा'. शेजारी नंबर दुरुस्त करायची जागा आणि 'पुन्हा पाठवा' बटण. वापसी फक्त लॉग फाइलमध्ये जात असेल तर ती कोणी उघडत नाही.

क्रम

एका पावतीचं वजन नोंदवलं, दहा मिनिटांनी दुरुस्त केलं. चार वर्कर असले की दुरुस्ती आधी आणि मूळ नोंद नंतर असं होऊ शकतं. सगळ्या क्यूला एका रांगेत चालवायची गरज नाही, क्रम हवा तो एका पावतीपुरता. उचलण्याच्या क्वेरीत आणखी एक अट घाला: याच सब्स्क्राइबरचं, याच पावतीचं, आधीच्या क्रमांकाचं काम अजून बाकी किंवा चालू असेल तर हे उचलू नका. आणि घटना लिहिण्याआधी पावतीची ओळ अपडेट करा. त्या ओळीच्या कुलपामुळे एका पावतीच्या घटना एकामागोमागच कमिट होतात, वरचा १०१-१०२ चा घोळ इथे शिरत नाही.

आधीचं काम वापसीत गेलं तर मागचं थांबवायचं का? खात्यासाठी होय, म्हणजे तिथे अटीत 'वापसी' ही स्थितीही धरा. एसएमएससाठी नको.

बंद करणं आणि मुद्दाम पाडणं

वर्करला सिगटर्म (बंद हो असा इशारा) आला की नवं काम उचलणं बंद, हातातलं पूर्ण, मग बाहेर. सिस्टमडी (लिनक्सवर प्रोग्राम चालू-बंद करणारा) आपणहून ९० सेकंद थांबतो आणि मग जबरदस्तीने मारतो. तुमची दहा कामं १०० सेकंद घेऊ शकत असतील तर ती मर्यादा वाढवा. पोस्टग्रेसचा एफसिंक (लिहिलेलं खरोखर डिस्कवर गेल्याची खात्री) वेगासाठी कोणी बंद केला असेल तर आजच चालू करा.

चाचणी म्हणजे 'एसएमएस गेला का' एवढंच नाही. एसएमएस पाठवल्यानंतर आणि 'झालं' लिहिण्याआधी मुद्दाम तीस सेकंदांची झोप घाला आणि त्या वेळात वर्करला किल मायनस नऊ (जागेवर मारणारी आज्ञा) द्या. दोन मिनिटांनी दुसऱ्याने काम उचललं पाहिजे. मग खात्याच्या वर्करवर तेच करा आणि जमा एकदाच दिसते का ते बघा. नेटची वायर काढून तासभर गाड्या मोजा, वायर लावा, ढीग कसा ओसरतो ते पाहा.

नजर आणि झाडलोट

किती कामं बाकी आहेत हा आकडा फसवा असतो. हंगामात शंभर बाकी असणं ठीक, मंदीच्या दिवसांत तीन बाकी असणंही काळजीचं. प्रत्येक सब्स्क्राइबरच्या सर्वांत जुन्या बाकी कामाचं वय बघा. एसएमएसचं दहा मिनिटांवर गेलं की इशारा द्या. इशारा याच क्यूतून पाठवू नका.

झालेली कामं महिन्याभराने हजार-हजारांच्या तुकड्यांत काढा. कामांच्या टेबलात अपडेट सतत होतात आणि प्रत्येक अपडेट मागे एक मेलेली ओळ ठेवतो. ऑटोव्हॅक्यूम मूळ नियमाप्रमाणे टेबलाचा पाचवा हिस्सा बदलेपर्यंत वाट बघतो. फक्त या टेबलापुरतं ते प्रमाण ०.०१ करा. 'घटना' टेबल मात्र राहू द्या. उद्या नवा सब्स्क्राइबर, समजा हंगामाचा अहवाल, जोडला की जुन्या घटनांतून त्याची कामं एका क्वेरीत तयार करता येतात.

पुढे कधी सरकायचं

सेकंदाला शेकडो कामं सातत्याने येऊ लागली, किंवा सब्स्क्राइबर वेगळ्या शहरांत, वेगळ्या संघांकडे गेले, तेव्हा. रेडिस स्ट्रीम्स (रेडिसमधली टिकणारी घटनांची रांग) २०१८ मध्ये ५.० आवृत्तीत आले. त्यात गट आहेत, पोच आहे, आणि ६.२ पासून एक्सऑटोक्लेमने मेलेल्या वर्करची कामं उचलता येतात. पण डिस्कवर लिहिणं नेहमीच्या 'दर सेकंदाला' मोडवर असेल तर लाइट गेल्यावर शेवटच्या सेकंदाभराचं जाऊ शकतं. रॅबिटएमक्यूमध्ये विषयानुसार वाटप आणि वापसीची सोय तयार मिळते. काफका लिंक्डइनमधून २०११ मध्ये खुला झाला. तो मुळात नोंदवही आहे, घटना पुन्हा पुन्हा वाचायच्या असतील तर तो. तिन्हींपैकी काहीही घेतलं तरी आउटबॉक्स आणि सब्स्क्राइबरमधली युनिक बंधनं जशीच्या तशी लागतात, ती काढू नका.